मास्तरांचा बंब

आगाशे मास्तर गेल्याचं मला डोंबिवलीच्या बाजारात भेंडी निवडताना कळलं. खोटं कशाला सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं. भेंडी घेतली, घरी आलो, जेवलो. आज महिना झाला, आता मात्र जेवण जात नाही.

आमची ओळख झाली तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी ठाण्यात रेशनच्या कचेरीत कारकून, राहायला कळव्याला. आईनं मिठागरात मीठ वाहून मला शिकवलं. तिच्यावर कादंबरी लिहिली आणि बाडाला सुतळी बांधून मास्तरांकडे गेलो. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि नवशिक्यांचं लेखन तपासून द्यायचे. दर रविवारी सकाळी त्यांच्या मागच्या पडवीत मी वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. नापसंत पान आंघोळीच्या बंबात, आणि तेही मीच माझ्या हातानं घालायचं. "जुना खर्डा घरात राहिला की माणूस मागे वळतो," हा त्यांचा नियम. मग त्याच पाण्यानं आंघोळ करून, पंचानं पाठ पुसत ते म्हणायचे, "नारायणा, तुझ्या तिसऱ्या प्रकरणानं पाणी झकास तापलं हो. तेवढा तरी उपयोग झाला." त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातून ऐकायच्या आणि मुकाट्यानं आत जायच्या.

माझ्या कादंबरीतली आई मुकादमाच्या अंगावर मिठाची पाटी भिरकावते आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरते. खरंच घडलेलं. ते वाचलं तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले. "अशी आई वाचनालयातल्या बायका घरी नेणार नाहीत. तिला सोसू दे रे... डोळ्यांत पाणी आण जरा." मी आणलं. पाटीचं प्रकरण बंबात गेलं. पुस्तक निघालं, चार लोकांनी पाठ थोपटली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ओट्यावर बसून मी वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ही कोन रं बाय? मी कवा रडली?" पुढच्या वर्षी ती गेली. ते प्रकरण पुन्हा लिहायला कितीदा बसलो... जमलं नाही.

यंदा दिवाळीनंतर, इतक्या वर्षांनी, मास्तरांनी बोलावून घेतलं. पार खंगले होते. उशाखालून एक बाड काढलं. वीस वर्षं लिहिलेली, कोणालाही न दाखवलेली त्यांची स्वतःची कादंबरी. "आठवड्यानं ये. खरं ते सांग." मी दोनदा वाचली. त्यातली आई लाल आलवणातली विधवा. दिराला तोंडावर शिव्या देणारी, भरला गडवा त्याच्या कपाळात हाणणारी. माझ्या आईच्या पाटीचा त्यांनी गडवा केला, की त्यांचीही आई तशीच होती, हे आता कोणाला विचारू? पण असं मला जन्मात लिहिता येणार नाही.

आठवड्यानं गेलो. मास्तर भिंतीला टेकून, निकालाला आलेल्या पोरासारखे बसले होते. मी म्हणालो, "मास्तर, अशी आई वाचनालयातल्या बायका घरी नेणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द ओळखले त्यांनी, मला तेच हवं होतं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. पुढचं, खरं ते, सांगायला पुन्हा येईन असं मी पायऱ्या उतरताना ठरवलं होतं. गेलो नाही.

परवा काकूंना भेटायला गेलो. पडवीत बंब पेटलेलाच होता. "सवय रे," काकू म्हणाल्या, "आंघोळीला माणूस नाही, पण सकाळ झाली की पेटवते. ये, हातपाय धू." मग तांब्या भरता भरता म्हणाल्या, "तू येऊन गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंत धरत धरत इथवर आले. सगळं बाड घातलं आत, एकेक पान. मला हात लावू दिला नाही."

मी हात पुढे केले.

"मला कधी वाचू दिली नाही. कशी होती रे?"

"चांगली होती, काकू. फार चांगली होती."

त्यांनी माझ्या हातांवर ऊन पाण्याची धार धरली.

"मग त्यांना तसं सांगितलंस ना?"