कुत्र्याची तार

एका जागी स्वस्थ न बसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर भेटलेला तो त्यातलाच. शेजारी बसायचा, लगेच उठायचा, आणि हातातली तार पंजा-कोपराभोवती गुंडाळून पुन्हा सोडायचा.

"कसली तार?" मी वैतागून विचारलं.

"कुत्र्याची." मुंबईत वायरमन होता, आता गावी आलेला. घर हायवेला लागून. "कुत्रा बांधला तर बिबट्या उचलतो, मोकळा सोडला तर ट्रकखाली जातो. म्हणून अंगणाभोवती ही तार फिरवली. ट्रकची जुनी बॅटरी नि कॉईल जोडली. एकदाच झटका बसला. मग त्यानं बाहेर पाय नाय टाकला."

माझंही कुत्रं महाडला सारखं रस्त्यावर धावायचं. "वा! आमच्याकडेही बसवून द्या की," मी म्हणालो.

तो पुन्हा उठला. "परवा दिवेलागणीला बिबट्या अंगणात शिरला. कुत्रा पळाला, नि तारेपाशी येऊन थांबला. मी ओटीवरून वरडतोय, उडी मार रे, उडी मार!"

"करंट लागेल म्हणून थांबला?"

"करंट कसला? बॅटरी उतरून महिना झालेला. मला ठाऊक होतं. त्याला कोण सांगणार?"

महाडची गाडी लागली. त्यानं तारेचं वेटोळं माझ्यापुढे धरलं. "न्यायची तर न्या."

मी हात मागे घेतले. गाडी अर्धी रिकामी होती, तरी महाडपर्यंत मी उभ्यानंच आलो.