निर्मनुष्य बेटाचे सरपंच

दिवाणी न्यायालयात माझी उभी नोकरी झाली. परंतु ज्या ठिकाणी एकही मनुष्य राहत नाही त्या ठिकाणाला सरपंच असू शकतो काय, हा प्रश्न माझ्यासमोर कधी आला नव्हता. तो उपस्थित केला एका होडीवाल्याने, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

शेवगावच्या उत्तरेला धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. धरण भरले तेव्हा नदीकाठची गावे उठली, आणि अशाच एका उठलेल्या गावामागची टेकडी कमरेपर्यंत बुडून तिचे बेट झाले. त्यावर बाभळी आहेत, बोरी आहेत, दगड आहेत आणि भोवती फिरणारी एक पायवाट आहे. हौशी मंडळी तिला निसर्गवाट म्हणतात. हे होडीवाले, म्हणजेच आमचे सरपंच, लोकांना इंजिनाच्या होडीतून तिकडे नेत, वाटेने फिरवत आणि सुखरूप परत आणत. होडीत असेपर्यंत त्यांची पांढरी टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत असे. बेटावर पाऊल पडले की ती काढून, झटकून, डोक्यावर ठेवीत आणि म्हणत, "आता हद्द सुरू झाली." त्या बेटावर उतरण्याची मुभा हीच त्यांची एकमेव इस्टेट होती. ती हातची जाण्याची वेळ आली होती, आणि ती कशी टळली यात माझा सहभाग असल्यामुळे हे लिहिणे मला भाग आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल प्रथम तेथे गेली, तेव्हा होडी सुटण्यापूर्वीच मी हरकत घेतली. प्रत्येकाला तरंगते जाकीट होते, चालकाला नव्हते.

"तुमचे जाकीट कोठे आहे?" मी विचारले.

"मला पानी वळखतं, साहेब."

"ओळख हा सुरक्षिततेचा पर्याय होऊ शकत नाही."

"तुमी वकील का?"

"नाही. मी न्यायालयातून सेवानिवृत्त झालो आहे."

"मंग वकिलापरीस वंगाळ," ते म्हणाले आणि त्यांनी इंजिनाची दोरी ओढली. त्या दिवसापासून मी 'कोर्टसाहेब' झालो. पुढच्या खेपेला मात्र त्यांच्या अंगात जाकीट होते. ते उलटे घातलेले होते, परंतु होते.

बेटावर टोपी चढताच त्यांनी 'मी हितला सरपंच' अशी स्वतःची ओळख करून दिली. साहजिकच मी विचारले की त्यांची निवड केव्हा झाली.

"दरसाली हुती. बिनविरोध."

"मतदार कोण?"

त्यांनी उथळ पाण्यात एका पायावर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांकडे बोट केले. "ते काय, बसल्यात. समदे आपल्याच पार्टीचे."

"हे पक्षी हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. त्यांचे येथे कायम वास्तव्य नाही. मतदार यादीत त्यांची नावे लागणार नाहीत."

"म्हनून तर बरं चाललंय, कोर्टसाहेब. मत देत्यात आन् निघून जात्यात. कामाचं कोन इचारीत न्हाई."

संघाची मंडळी खो खो हसली. मी हसलो नाही.

बेटावरचे नियम त्यांनी स्वतःच केलेले होते. बोर खायचे, पण बी तेथेच टाकायचे. मोबाईलवर गाणे लावायचे नाही, पण स्वतःला येत असेल तर खुशाल म्हणायचे. आणि वाट जेथे पाण्याच्या अगदी कडेला येऊन वळते, तेथे कोणी पाण्याकडे पाहायचे नाही. दुसऱ्या बाजूच्या कपारीकडे पाहायचे. "कपारीत घुबड हाय," ते हळू आवाजात सांगत, आणि सगळ्या माना आज्ञाधारकपणे कपारीकडे वळत. घुबड कोणालाच दिसत नसे.

"हा नियम कोणत्या कलमान्वये?" मी विचारले.

"बेटाच्या."

"आणि घुबड कोठे आहे? मला दिसत नाही."

"दिसलं असतं तर त्याला घुबड कोन म्हनंल?"

खरा घोटाळा मला त्यानंतर लक्षात आला. वाट संपून आम्ही होडीपाशी आलो तेव्हा सरपंचांनी जाहीर केले, "हा झाला पहिला टप्पा. आता दुसरा." आणि ते आम्हांला विरुद्ध दिशेने घेऊन निघाले. थोड्याच वेळात एक वाकलेली बाभूळ आली. तिच्या फांदीला तांबड्या चिंधीचा तुकडा लोंबत होता. पहिल्या टप्प्यात हीच बाभूळ त्यांनी आम्हांला 'नवरा' म्हणून दाखवली होती. आता ते म्हणाले, "आन् ही त्याची बायको."

"हे तेच झाड आहे," मी म्हणालो.

"कोर्टसाहेब, वय झाल्यावं नवरा-बायको सारखीच दिसत्यात."

"चिंधीसुद्धा तीच आहे!"

"एकाच घरातलं कापड हाय ते."

संघातल्या एकाही सभासदाला मी काय म्हणतो ते पटले नाही. कोषाध्यक्षांनी तर 'बायको' जास्त डौलदार असल्याचे सांगितले. फसवणूक झालेल्या माणसांनीच फसवणुकीच्या बाजूने उभे राहावे, हा अनुभव न्यायालयात मी पुष्कळदा घेतला होता. पण तेथे निदान दोन्ही बाजूंना घाम फुटलेला असे. येथे सगळे बोरे खात होते.

घरी येताच मी सरपंचांना रीतसर नोटीस पाठवली. एकच वाट दोन वेळा चालवून ती दोन वाटा असल्याचे भासवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, तरी खुलासा करावा, असा तिचा आशय होता. खुलासा आला नाही. त्याऐवजी काही दिवसांनी कोषाध्यक्षांचा दूरध्वनी आला, की बेटावर माझे पत्र प्लॅस्टिकमध्ये मढवून बाभळीला टांगले आहे, आणि सरपंच येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, "हे साधंसुधं बेट न्हाई. ह्याला कोर्टाच्या मानसाची नोटीस आलीया." लोक तिच्यासोबत फोटो काढून घेत होते.

माझ्या स्वाक्षरीचा असा उपयोग होणे मला मान्य नव्हते. मी तडक एसटीने त्या गावी गेलो. सरपंच होडी घेऊन पाण्यावर होते. घरी त्यांच्या पत्नी होत्या. आम्ही सारे त्यांना काकू म्हणू लागलो तो काळ नंतरचा. त्यांनी पाणी दिले, पुढ्यात पिठले-भाकरी ठेवली आणि माझे सगळे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. असे माझ्या आयुष्यात क्वचित घडले आहे.

"तुमचं बराबर हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "वाट एकच हाय. पन त्यांना लवकर माघारी यावं वाटत न्हाई."

"का?"

"त्या वळनाला घुबड दावत्यात न्हवं? तिथं खाली आमचं घर हाय."

मी भाकरीचा घास खाली ठेवला.

"मी त्या घरात नवरी म्हनून आले आन् वरीसभरात पानी आलं. समदं काढलं, फकस्त जातं ऱ्हायलं. जड हुतं, टेम्पोत मावंना. आदी हे लोकांना जागा दावायचे. मंग एकदा एकानं घराकडं पाठ करून, दात काढून फोटू घेतला. त्या दिवसापासनं तिथं घुबड आलं."

आता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. दुसऱ्या टप्प्यात सरपंच बुडालेल्या गावाच्या खुणा दाखवत असत. इथे शाळा, तिथे चावडी, आणि त्या तिथे आमचे घर. सहलीच्या दिवशी त्यांनी हे घर एकाच फेरीत एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला दाखवले होते. मी तेव्हाच विसंगती निदर्शनास आणली होती. त्यावर ते म्हणाले होते, "पानी हालतंय, कोर्टसाहेब. घर काय एका जागी ऱ्हाईल व्हय?" सगळ्या बेटावरून त्यांनी आपले घर लोकांना दाखवले होते, जेथे ते होते ती जागा तेवढी सोडून.

नोटीस मी काढायला लावली नाही. बेटावर जाऊन पाहिले तर कोपऱ्यात माझा पत्ता अर्धवट दिसत होता, तेवढा नीट दिसेल अशी टांगण्याची सूचना केली.

त्यानंतर मी वरचेवर जाऊ लागलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते. एके दिवशी काकूंनी मला दारातच गाठले. त्यांचा चेहरा उतरला होता. बेटावर होडी लावायची तर तेथे किमान एक किलोमीटरची निसर्गवाट असली पाहिजे, नाहीतर उतरण्यास मनाई, असा धरण खात्याचा नवा आदेश आला होता. तपासणीसाठी साहेब येणार होते. आणि बेटाची वाट अर्ध्या किलोमीटरहून थोडीशीच अधिक आहे, हे त्या पंचक्रोशीत कोणाला लेखी माहीत असेल तर ते मला. कारण माझ्या नोटिशीत मी तसे नमूद केले होते.

तपासणीच्या सकाळी बाभळीवर नोटीस नव्हती. मी सरपंचांकडे पाहिले. "धुवायला काढलीया," ते म्हणाले.

"मी खोटे बोलणार नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे."

"तुमाला खोटं बोला म्हनतोय कोन? खरंच बोला. फकस्त इचारल्याबिगर बोलू नका."

साहेब तरुण होते. पायांत पांढरे बूट, हातात अंतर मोजणारा मोबाईल, आणि त्याला रेंज मिळते की नाही याच्या चिंतेत त्यांचे डोळे सतत खाली. सरपंचांनी हद्द सुरू झाल्याचे जाहीर केले, टोपी घातली आणि पहिला टप्पा सुरू केला. नवरा दाखवला. घुबड दाखवले. होडीपाशी आलो, वळलो, दुसरा टप्पा सुरू झाला.

"ही बायको, साहेब. हिचा नवरा मघाशी बघितला न्हवं?"

"हो, हो," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिचा फोटो काढला. त्या कार्यालयाच्या दप्तरात ते एकच झाड आज विवाहित दांपत्य म्हणून दाखल आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

फेरी संपली. मोबाईलने एक किलोमीटरहून अधिक अंतर दाखवले. साहेबांनी दगडावर बसून पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून सहीसाठी माझ्यापुढे केला. 'सदर वाटेची लांबी एक किलोमीटरहून अधिक आहे,' असे त्यात होते.

"यावर मी सही करणार नाही," मी म्हणालो.

सरपंचांनी टोपी काढली. ती हातात धरून ते पाण्याकडे पाहत उभे राहिले. बेटावर त्यांना उघड्या डोक्याने मी त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते.

"का? काय चुकलं?" साहेब वैतागून म्हणाले.

"लांबी हा शब्द चुकीचा आहे. पंचाने फक्त आपल्यासमक्ष जे घडले तेवढेच सांगावे, अनुमान काढू नये. लिहा: आम्ही पंच सदर वाटेने होडीपासून निघून शेवटी होडीपाशी परत येईपर्यंत एक किलोमीटरहून अधिक चाललो."

"अहो आजोबा, तेच झालं ना?"

"तेच झाले नाही. परंतु खरे आहे."

साहेबांना ऊन लागत होते. त्यांनी तसे लिहिले. मी सही केली आणि आयुष्यात प्रथमच, सही करताना, मला हसू आवरले नाही.

साहेबांना किनाऱ्यावर सोडून, माझी बेटावर विसरलेली छत्री आणायला आम्ही दोघेच पुन्हा निघालो. मध्यावर पाण्यात सरपंचांनी इंजिन बंद केले. पिशवीतून टोपी काढली आणि हद्द सुरू होण्याआधीच, भर पाण्यात, ती डोक्यावर ठेवली.

"कोर्टसाहेब, आजपासनं तुमी उपसरपंच."

"निवडणुकीशिवाय ही नेमणूक बेकायदेशीर आहे."

त्यांनी लांबवर उभ्या असलेल्या रोहितांना हाक मारली, "कुनाची हरकत हाय का रं?" एकानेही मान वर केली नाही. "झालं. बिनविरोध."

गेल्या उन्हाळ्यात सरपंच गेले. रोहित पाखरे उडून गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी. "मतदार घरी गेल्याबिगर त्यांनी हद्द सोडली न्हाई," एवढेच काकू म्हणाल्या. होडी आता त्यांचा पुतण्या चालवतो. तो चांगला, सरळ मनुष्य आहे. जाकीट सुलटे घालतो. यंदाच्या हिवाळ्यात मी आमच्या संघाला पुन्हा घेऊन गेलो. त्याने आम्हांला एक फेरी मारून आणले आणि तो होडी सोडू लागला.

"दुसरा टप्पा?" मी विचारले.

"संपली की वाट, काका. एवढीच हाय."

माझा संताप अनावर झाला. "तुमची परवानगी एक किलोमीटरहून अधिक चालण्याच्या पंचनाम्यावर दिलेली आहे. तुम्ही आम्हांला अर्धेच चालवले. मंजूर अंतर पूर्ण करून देणे तुमच्यावर बंधनकारक आहे! मी लेखी तक्रार करीन."

तो गोंधळून गेला. मी थांबलो नाही. सरपंचाचे पद रिक्त असता कामकाज उपसरपंचाने पाहावयाचे असते. मी वळलो आणि विरुद्ध दिशेने चालू लागलो. मंडळी बोरे खात मागून आली. चिंधी लोंबणाऱ्या बाभळीपाशी मी त्यांना नवऱ्याची बायको दाखवली. नंतर वाट पाण्याच्या कडेला आली, आणि एका नव्या सभासदाने मोबाईल उंचावून पाण्याकडे तोंड केले.

"तिकडे पाहू नका," मी हळू आवाजात म्हणालो. "इकडे, कपारीकडे. घुबड आहे."

सगळ्या माना वळल्या. नव्या सभासदाने मोबाईल खाली केला. मग त्याने विचारले, "कुठं आहे हो? तुम्हांला दिसतंय का खरंच?"

एवढ्या नोकरीत मी असंख्य साक्षीदारांना शपथ घेताना पाहिले आहे.

"दिसतंय," मी म्हणालो.