गोळीमास्तर

पहिल्याच भेटीत या माणसाने माझं तोंड बंद केलं. मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालमधल्या त्या हवा भरून फुगवलेल्या पांढऱ्या तंबूत, जिथे हिवाळाभर टेनिस चालतं, मी आठ वर्षांच्या रेवाला घेऊन शिरलो. समोर एक उंच, टकलू, साठीकडे झुकलेला गोरा माणूस उभा होता. मी म्हटलं, "माझ्या मुलीचा बॅकहँड ना, तसा उपजतच..." त्याने शांतपणे खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोलला आणि गोळी माझ्या हातावर ठेवली.

"आधी ही तोंडात टाका, पापा. बापाच्या तोंडात काहीतरी असलं पाहिजे."

इतक्या वर्षांत माझं बोलणं इतक्या स्वस्तात कुणी थांबवलं नव्हतं. मी गोळी चघळत बाकावर जाऊन बसलो. शेजारच्या बाकावर आणखी चार बाप गाल फुगवून बसले होते.

त्यांचं आडनाव चेक होतं आणि त्यात स्वर शोधायला भिंग लागायचं. नागपूरच्या बोरकरांनी आठवडाभर प्रयत्न करून शेवटी त्यांना 'गोळीमास्तर' करून टाकलं. मग लव्हालच्या आम्हा पाच-सहा मराठी घरांत ते गोळीमास्तरच झाले. आया-बापांची गोळी कधी चुकली नाही. सामना असेल त्या दिवशी दोन.

त्यांच्या शिकवण्याने मात्र आम्हाला पहिले सहा महिने रोज नवा धक्का बसे. मुलं आपसात सामना खेळायला लागली की मास्तर खुर्ची उचलायचे, फिरवायचे आणि कोर्टाकडे पाठ करून बसायचे. कुणी पोर ओरडलं, "कोच, वॉज दॅट गुड?" की पाठीमागूनच उत्तर यायचं, "मला काय विचारतोस? चेंडू तू मारलास."

"पाठ करून बसून राहिला ना हा," बोरकर माझ्या कानात म्हणाले. "शिकवते कधी मग? अन् आपण गोळ्या खाऊन राहिलो."

खेळ संपल्यावर कोर्ट झाडायचं काम मुलांचं. उन्हाळ्यात बाहेरच्या मातीच्या कोर्टवर हे ठीकच. इथली माती हिरवट राखाडी. तिला मास्तर तुच्छतेने पालकाचं सूप म्हणायचे, त्यांच्या देशात माती विटेसारखी लाल असते म्हणे. पण झाडायचं कुणी? जिंकलेल्याने. रेवा पहिल्यांदा जिंकली तेव्हा मी फोनचा कॅमेरा सरसावला, तर लेक हातात झाडू घेऊन पांढऱ्या रेषा साफ करतेय आणि हरलेला मुलगा सावलीत बसून केळं खातोय. मी विचारलं, हा कुठला न्याय? मास्तर म्हणाले, "हरलेल्याला आधीच काम आहे. त्याला विचार करायचाय."

स्वतःच्या खेळाबद्दल ते बोलत नसत. पण मी पडलो चौकस. इंटरनेट धुंडाळून मी त्यांचा एक जुना सामना शोधून काढला. चित्र धूसर, डोक्यावर मानेपर्यंत केस, आणि खेळ असा की आपण ज्याचं पोस्टर भिंतीवर लावायचो तसल्या एका खेळाडूला त्यांनी चार सेटमध्ये घरी पाठवलेलं. निवेदक पुन्हा पुन्हा म्हणत होता, काय थंड डोकं आहे या मुलाचं. तो व्हिडिओ मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर दाखवला. हा माणूस माझ्या मुलीला शिकवतो, असं म्हणून थोडा वेळ गप्प बसायचो, म्हणजे पाहुण्याला भारावून जायला सवड मिळावी. दोन-तीन वर्षांतच हा थंड डोक्याचा मुलगा कुठेच दिसेनासा कसा झाला, हे मात्र कुठे सापडलं नाही.

त्याच सुमारास मास्तरांना मराठीची गोडी लागली. एकदा कुंपणाशी माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी सहज विचारलं, "पापा, तुमच्या भाषेत लेफ्टला काय म्हणतात?" मी हरखलो. डावीकडे शिकवलं, उजवीकडे शिकवलं. पुढच्या शनिवारी 'लांब', 'उंच' आणि 'पुढे ये'. त्यांचा 'ळ' जमेना, पण बाकी उच्चार इतके स्वच्छ की मी बोरकरांना म्हटलं, "बघा, गोरा माणूस मराठी शिकतोय आणि आपली पोरं इंग्लिशमध्ये उत्तरं देतात." मला वाटलं, मी मातृभाषेची सेवा करतोय.

रेवा तेरा वर्षांची झाली. प्रांताच्या संघात एकच जागा उरली होती, आणि ती मॉन्ट्रियलमधल्या एका क्लबच्या मातीवर, एका शेवटच्या सामन्यावर ठरणार होती. समोर एक फ्रेंच मुलगी होती, रेवाहून वीतभर उंच. कुंपणाबाहेरून खेळाडूला काही सांगायचं नाही, असा नियम. पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी गुण समोरच्याला. पहिल्या सेटमध्येच मी "पुढे ये गं" असं ओरडलो आणि ताकीद घेऊन बसलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त तिसरी गोळी दिली.

तिसऱ्या सेटमध्ये रेवा पाच-चार पुढे गेली. चाळीस-तीस. एक गुण, की संघातली जागा तिची. तिने सर्व्हिसआधी कुंपणाकडे पाहिलं. आणि आता माझ्यातला नट जागा झाला. मी फोन कानाला लावला आणि पुण्याच्या ताईशी बोलायला लागलो, जी त्या वेळी तिच्या घरी निवांत असणार. "हां ताई, ऐक. ते कपाट आहे ना, ते डावीकडे सरकव. डावीकडे. आणि लांब. अगदी भिंतीला लागेल इतकं लांब." रेवाने मान किंचित हलवली. मी मनात स्वतःला दाद दिली.

शेजारचे मास्तर उठले. मला वाटलं, वॉशरूमला चालले. ते सरळ रेफरीकडे गेले. ती कॉलेजातली वाटावी अशी तरुण मुलगी होती. मास्तर तिला म्हणाले, "हे गृहस्थ माझ्या खेळाडूला सांगतायत."

ती गोंधळली. "पण मॉस्यू, ते तर फोनवर बोलतायत."

"डावीकडे म्हणजे लेफ्ट. लांब म्हणजे डीप," मास्तर म्हणाले. "त्यांच्या बहिणीकडे कपाट नाही."

माझा फोन हातातून पडला नाही, एवढंच. स्वतःच्या शिष्येचा गुण, तोही सामना जिंकून देणारा, गुरूने जाऊन काढून घेतला होता, आणि तेही मीच शिकवलेल्या मराठीच्या जोरावर. चाळीस-चाळीस झालं. मला गाड्या लावायच्या जागेपलीकडे पाठवण्यात आलं. तिथून कोर्ट दिसत नव्हतं, फक्त चेंडूचा आवाज यायचा. काही वेळाने टाळ्या झाल्या. टाळ्यांमध्ये फ्रेंच जास्त होतं. रेवा पाच-सात हरली होती.

परतताना पुलावर ट्रॅफिक तुंबला होता. शेवटी मंजिरी, माझी बायको, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताईला सांग, कपाट परत जागेवर ठेव म्हणावं."

मागून रेवा म्हणाली, "आई, प्लीज. डोण्ट." आणि तिने कानात इयरफोन घातले.

चार दिवसांनी मी भांडायला गेलो. मनात इंग्रजी वाक्यं पाठ करून गेलो होतो, त्यात 'बिट्रेयल' हा शब्द दोनदा होता. मास्तर तंबूबाहेर पायरीवर बसून रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होते. मी तोंड उघडलं. या वेळी त्यांनी गोळी दिली नाही. मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "माझे वडील काचेच्या कारखान्यात होते. त्यांना खोकला होता. सगळ्यांना वाटायचं, काचेच्या धुळीचा."

त्यांनी पट्टीचा आणखी एक वेढा घातला.

"एक खोकला म्हणजे समोरच्याच्या बॅकहँडवर. दोन म्हणजे अंगावर. घसा खाकरला की जाळ्याजवळ जा. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून. सगळे म्हणायचे, काय थंड डोकं आहे याचं. थंड असणारच. डोकं प्रेक्षकांत बसलं होतं."

"मग?"

"मग एका हिवाळ्यात ते वारले. वसंतात मी कोर्टवर उभा राहिलो, सर्व्हिससाठी चेंडू उडवला, आणि मला कळेना, कुठे मारू. सव्वीस वर्षांचा माणूस. वर्षभर प्रत्येक ठिकाणी पहिल्याच फेरीत हरलो. शेवटचा हरलो तो इथे, मॉन्ट्रियलला. परत जायला तोंड नव्हतं, म्हणून राहिलो." पट्टी गुंडाळून झाली. "पापा, तुमची मुलगी प्रत्येक गुणाआधी कुंपणाकडे बघते. तुम्हाला आवडतं ना ते?"

आवडायचं. तेच तर सांगायची लाज वाटत होती.

घरी येऊन मी तो जुना व्हिडिओ आवाज पूर्ण वाढवून लावला. वीसेक वेळा पाहिलेला सामना. तो केसाळ मुलगा चेंडू दोनदा आपटतो, थांबतो. गर्दी शांत होते. आणि त्या शांततेत, कुठूनतरी वरून, एक कोरडा खोकला. मग चेंडू बॅकहँडवर, सुसाट. मी पुन्हा लावला. पुढच्या गुणाआधी दोनदा खोकला. इतक्या पाहुण्यांना दाखवला, आणि एकदाही ऐकू आला नव्हता.

रेवा मास्तरांकडेच राहिली. तो निर्णय तिने घेतला, मला नंतर कळवला. पुढच्या वर्षी संघातली जागा मिळाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी मिळाली, तेव्हा मी गाडीत बसून होतो. जिंकून आल्यावर ती म्हणाली, "बाबा, दहा मिनिटं थांब. झाडायचंय."

गेल्या वसंतात मास्तर लाल मातीच्या देशात परतले. धाकटी बहीण एकटी होती, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. निरोपाला बोरकरांच्या घरी बेसमेंटमध्ये सगळे जमले. मास्तरांनी नागपुरी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तिखट वडी, खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि ते तिखटाचं असल्याचं दोनदा सांगितलं. जाताना माझ्या हातात पेपरमिंटचा पत्र्याचा डबा दिला. स्वच्छ मराठीत म्हणाले, "लांब. अगदी लांब."

रेवा आता वॉटर्लूला शिकते, युनिव्हर्सिटीच्या संघात आहे. या जानेवारीत मी न कळवता सहा तास गाडी हाकत तिचा सामना बघायला गेलो. रस्ताभर बर्फ, आणि मला सर्दी. बंदिस्त हॉल, शेवटचा सेट, सामन्याचा गुण. मी सगळ्यात मागे बसलो होतो, तोंडात गोळी. ती सर्व्हिसला उभी राहिली. चेंडू दोनदा आपटला. हॉल शांत झाला. तिने कुठेही पाहिलं नाही. डोळे फक्त चेंडूवर.

आणि नेमका तेव्हा माझ्या घशात खोकला आला. खराखुरा, सर्दीचा. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, लोकांच्या गुडघ्यांना धडकत दारापर्यंत पोचलो, बर्फात गेलो, गाडीत बसलो, चारही काचा बंद आहेत ना ते पाहिलं, आणि मग मनसोक्त खोकलो.

आतून टाळ्यांचा आवाज आला. कुणासाठी, ते तिथून कळत नव्हतं. मी दुसरी गोळी तोंडात टाकली आणि तिचं झाडून व्हायची वाट बघत बसलो.