मोहाच्या बाटलीतला तुकडा

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की सुलतानाबाई सरळ सांगत, "मी माणसं कापते." समोरच्याचा चेहरा उतरला की त्यांना बरं वाटे. मग त्या सावकाश खुलासा करत. चंद्रपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे नातेवाईक चुकूनही फिरकत नाहीत, तिथे त्यांची खोली होती. डॉक्टरांनी कुणाच्या गाठीतून, कुणाच्या गालातून काढलेला मांसाचा तुकडा बाटलीत घालून त्यांच्याकडे यायचा. सुलतानाबाई त्यातलं पाणी काढत, त्यात मेण मुरवत, मेणाचीच छोटी वडी पाडून तो तुकडा तिच्यात पक्का बसवत आणि यंत्रावर त्याचे पापुद्रे कापत. एका केसाच्या जाडीत असे पंधरा-सोळा पापुद्रे बसतील, इतके पातळ. पापुद्रा काचेवर चढला, रंगला, की डॉक्टर तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणार, रोग आहे की नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. सुलतानाबाईंचं नाव कुठेच नसायचं. सव्वीस वर्षं नसायचं, आणि हे त्या येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्याच आठवड्यात ऐकवत.

हात त्यांना वडिलांकडून आला होता. अयूब टेलर गोलबाजारात बसत. सुलताना शाळेतून आली की दुकानातच अभ्यास करी आणि काज-बटणं करी. अयूबभाईंची एक खोड होती. कपडा शिवून झाला की उरलेल्या चिंध्या, कितीही बारीक असोत, ते पुरचुंडी बांधून गिऱ्हाइकाला परत देत. बाजारातले बाकीचे टेलर उरलेल्या कापडातून घरच्या पोरांची झबली शिवत आणि अयूबभाईंना हसत. "अब्बू, ह्या चिंध्यांचं ते काय करतील?" असं सुलतानाने एकदा विचारलं होतं. "काय करायचं थे त्याईनं ठरवावं," अयूबभाई म्हणाले होते. "कपडा गिऱ्हाइकाचा आहे. आपण फक्त कापतो."

एवढ्या शिदोरीवर सुलतानाबाई प्रयोगशाळेत आल्या आणि टिकल्या. बाकी त्यांचा स्वभाव तापट होता, यात वाद नाही. खोलीत कुणी न विचारता बाटली उचलली तर ती बाटली परत जागेवर जाईपर्यंत त्याची धडगत नसे.

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी डॉक्टर प्रणित बोरकुटे नावाचे नवे साहेब आले आणि त्यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, खाऊन ज्यांच्या तोंडात पांढरे चट्टे पडतात, त्यांच्या गालाचे बारीक तुकडे तपासायचे आणि कुणाचा चट्टा कर्करोगाकडे वळतो ते शोधायचं. काम चांगलं होतं. साहेबही वाईट नव्हते. फक्त नियम म्हटला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. आणि अभ्यासाचा पहिला नियम असा, की काढलेला तुकडा तत्काळ फॉर्मेलीनच्या बाटलीत गेलाच पाहिजे. फॉर्मेलीनमुळे मांस सडत नाही, जसं आहे तसं राहतं. दुसऱ्या कशात घातलेला तुकडा अभ्यासातून बाद.

ऑगस्टात गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागडला शिबिर झालं. एकोणीस तुकडे निघाले, त्यातले अठरा वेळेवर पोचले. एकोणिसावी बाटली मागे राहिली, कारण त्याच दुपारी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं आणि डॉक्टरांची गाडी घाईघाईने निघून आली. ती बाटली पाच दिवसांनी आली. आधी नावेतून, मग आलापल्लीहून एसटीच्या कंडक्टरच्या थैलीतून. चिठ्ठीवर लिहिलं होतं: धुरपताबाई, वय पंचेचाळीस, डावा गाल. फॉर्मेलीन.

सुलतानाबाईंनी झाकण उघडलं आणि नाक मागे घेतलं. फॉर्मेलीनने डोळे झोंबतात. याने झोंबले नाहीत. खोलीभर मोहाच्या दारूचा वास पसरला.

नेमके त्याच वेळी प्रणित साहेब दारात उभे होते. "बाई, हा वास कशाचा?"

"धुरपताबाईचा नमुना हाय, सर. मोहाच्या दारूत आला."

साहेब क्षणभर हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की ही गंमत नाही. "टाकून द्या. पिवळ्या पिशवीत. नमुना अयोग्य, असं कळवून टाका."

"कुठी कळवू? रस्ता बंद आहे. रस्ता सुरू झाला का धानाची निंदाई, मंग कापणी. थे बाई पुन्हा गाल कापाले दिवाळीपर्यंत येत नाई, सर. अन् तवापर्यंत रोग काय हिची वाट पाहत बसन?"

"नियम आहे, बाई. एकासाठी मोडला की सगळा अभ्यास गेला."

"तं अभ्यासातून काढा ना. बाईले काऊन काढता?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. दारूत पडलेलं मांस आक्रसतं, चुरा होतो, त्यातून चुकीचं निदान झालं तर जबाबदार कोण, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. सुलतानाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाटलीचं झाकण लावलं आणि बाटली आपल्या टेबलाच्या आतल्या बाजूला सरकवली.

"मी नाई टाकत, सर."

"मग मला तुम्हाला लेखी मेमो द्यावा लागेल."

"द्या न."

साहेब गेले. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही मेमो नव्हता. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग येत होता. एका बाईच्या गालाचा धानाच्या दाण्याएवढा तुकडा नदी ओलांडून आपल्यापर्यंत आला, आणि आपण तो कचऱ्यात टाकायचा? त्यांनी भामरागडला फोन लावला. सातव्यांदा लागला.

शिबिरातली नर्स रंजीता. धुरपताबाईचं नाव काढताच ती रडायला लागली. शेवटची बाटली हातातून पडून फुटली होती, गाडी निघाली होती, आणि तुकडा गॉजमध्ये तसाच तिच्या हातात.

"मले काही सुचेचना, बाई. आमच्याकडे जंगलातली मुळी मोहात ठेवतात. वर्ष-वर्ष सडत नाई. मले वाटलं, हेही सडणार नाई."

"मंग चिठ्ठीवर फॉर्मेलीन कायले लिहिलं?"

"गडचिरोलीत दारूबंदी हाय ना, बाई. सरकारी चिठ्ठीवर दारू कशी लिहू? नोकरी जाईन."

हे मात्र खरं होतं. सुलतानाबाईंना एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे त्या कडाडल्या. "दारू टाकली म्हून मी नाई चिडली. डोकं चालवलं तू. पण खोटं लिहिलं! मी फॉर्मेलीन समजून काम केलं असतं तं तुकड्याचा भुगा झाला असता माह्या हातानं. आता रडू नोको. मले सांग, दारू कशी होती? पाणी मिसळलेली?"

"नाई बाई. धुरपताबाईचा नवरा, वारलूभाऊ, त्यानं घरची देली. पहिल्या धारेची. काडी लावली तं जळे."

सुलतानाबाईंनी सुस्कारा सोडला. पाणचट असती तर मांस केव्हाच सडलं असतं. कडक होती, म्हणजे आशा होती.

तुकडा बाहेर काढला तेव्हा तो भिजवलेल्या सुपारीसारखा टणक झाला होता. एरवी तुकड्यातलं पाणी काढायला त्या त्याला पायरीपायरीने अधिकाधिक कडक अल्कोहोलमध्ये फिरवत. धुरपताबाईच्या तुकड्याच्या खालच्या पायऱ्या वारलूभाऊने आधीच चढवून ठेवल्या होत्या. बाईंनी त्या गाळल्या आणि बाकीचा वेळही निम्म्यावर आणला. मग मेण. मेणात बसवताना गालाचा तुकडा उभाच बसवावा लागतो, म्हणजे वरच्या कातडीपासून खोलवर रोग कुठवर गेला ते एका पापुद्र्यात दिसतं. आडवा बसला की सगळं फुकट. भिंग लावून, गरम चिमट्याने, श्वास रोखून त्यांनी तो उभा केला. कापडाचा उभा धागा ओळखायला त्या दहाव्या वर्षी शिकल्या होत्या.

पहिला पापुद्रा फाटला. दुसरा पात्यावरच चुरा झाला. तिसऱ्याला मधोमध भोक. तुकडा एवढासा, आणि प्रत्येक फेरीला त्यातलं थोडं कायमचं जात होतं. सुलतानाबाईंनी यंत्र थांबवलं. त्यांना वाटलं, साहेब बरोबर असावेत. हा विचार त्यांना अजिबात आवडला नाही.

त्यांनी बर्फाच्या पाण्यात कापूस भिजवला, मेणाच्या वडीच्या तोंडावर ठेवला आणि घड्याळाकडे पाठ करून बसल्या. सुकून टणक झालेलं मांस असं पाणी हळूहळू ओढून घेतं. अर्धा तास त्या नुसत्या बसल्या होत्या. चहा आला तो निवला. मग त्यांनी नवं पातं लावलं आणि चाक इतकं सावकाश फिरवलं की यंत्राचा आवाजही आला नाही. पापुद्रा निघाला. त्याला चिकटून दुसरा, तिसरा. कोमट पाण्यावर ती पट्टी सोडली तेव्हा ती एकही चुणी न पडता पसरली. सुलतानाबाईंच्या तोंडून मोठ्याने "या अल्ला" निघालं.

काच रंगवून त्यांनी ती प्रणित साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. उठले, दार लावलं, पुन्हा बसून पाहिलं.

"रक्ताच्या पेशी फुटल्यात," ते म्हणाले. "दारूने."

"थे माहीत आहे, सर. बाकीचं सांगा."

"बाकीचं स्पष्ट आहे." त्यांचा आवाज खाली आला. "कर्करोग आहे. पण नुकताच आत शिरायला लागलाय. आत्ता काढला तर बाई वाचेल. दिवाळीपर्यंत थांबली असती तर..." त्याच दुपारी त्यांनी स्वतः भामरागडला फोन लावला आणि लागेपर्यंत लावत राहिले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी साहेबांनी नोंदवही पाहिली. नमुना कशात आला, या रकान्यात सुलतानाबाईंनी शाईने स्वच्छ लिहिलं होतं: मोहाची दारू, घरची, पहिल्या धारेची.

"बाई, हे काय लिहिलंत? ही अभ्यासाची वही आहे. तपासणीला लोक येतात."

"येऊ द्या. जे होतं थे लिहिलं. खोटं एकदा लिहून झालं, थे भामरागडात. इथी पुन्हा नाई."

"ही ओळच नको. बाद नमुना आहे. भामरागडचे अठरा."

"एकोणीस, सर. अठरा लिहिले तं धुरपताबाई कुठी गेली? जिथी रस्ता नाई तिथले नमुने असेच येतील, अर्धे खराब होऊन. थे सगळे काढत गेले, तं तुमच्या कागदावर जंगलात रोगच दिसणार नाई. मंग तिथी दवाखाना कोण देईन?"

साहेबांनी वही मिटून परत दिली. पण मेमो आला. आदेश डावलून नमुन्यावर काम का केलं, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. सुलतानाबाईंनी तीन दिवस घेतले नाहीत. उभ्या-उभ्याच लिहून दिलं: "कपडा गिऱ्हाइकाचा होता. मी फक्त कापला." साहेबांनी तो कागद वाचला, घडी केली आणि फायलीत न लावता ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे अभ्यास छापून आला तेव्हा भामरागडच्या आकड्याशी एक फुली होती आणि खाली बारीक अक्षरात टीप: एक नमुना मद्यात आला, निदान झाले, गणतीत धरला नाही, पण तो होता. शेवटचे तीन शब्द छापणाऱ्यांनी दोनदा काढले आणि साहेबांनी दोनदा परत घातले, असं ऐकलं.

धुरपताबाई पाणी ओसरताच शस्त्रक्रियेसाठी नागपूरला गेली. जाताना मेणाची वडी आणि काचा सोबत द्याव्या लागतात. सुलतानाबाईंनी त्या पुरचुंडीत बांधून दिल्या. डिसेंबरात एका सकाळी ती बाई वारलूभाऊसोबत दारात उभी राहिली. डावा गाल टाक्यांनी ओढलेला, बोलणं जड. वारलूभाऊ आल्या-आल्या छाती काढून म्हणाला, "बाई, माही दारू कामी आली म्हणते!"

"आली. पण आता खर्रा सोडा, दोघंही. नाईतं पुढच्या वेळी मी तुमचा गाल कापीन."

धुरपताबाईने पदराची गाठ सोडली. आत तीच पुरचुंडी होती. नागपूरवाल्यांनी काम झाल्यावर वडी परत दिली होती, घरी जपून ठेवा म्हणाले होते.

"घरी उंदरं हायेत," ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. "मेण खातीन. तुमच्याजवळ ठेवा, बाई. फेकू नोका."

सुलतानाबाईंना रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. त्या पाठ फिरवून कपाटाशी गेल्या. वड्यांचं हे जुनं कपाट रिकामं करून टाका, असं वरून दोनदा सांगून झालं होतं. त्यांनी धुरपताबाईची वडी तिच्या नंबराच्या खणात ठेवली, दार लावलं, टेबलावरचा जाड पेन घेतला आणि कपाटाच्या दारावर, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं:

गिऱ्हाइकाचा माल. फेकू नये. सुलताना अयूब शेख.

मग पेनाचं टोपण लावून त्या दोघांसाठी चहा सांगायला गेल्या.