नावाशेजारची लिंक

नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यासाठी मी अपॉइंटमेंटची वेबसाइट बनवलेली. रिसेप्शनवरच्या मावशींना एखाद्या पेशंटचा फोन नंबर बदलायचा असला की त्या आधी अ‍ॅडमिनचं म्हणजे नोंदी बदलायचं वेगळं पान उघडायच्या आणि तिथे त्याचं नाव पुन्हा शोधायच्या. एकाच आडनावाचे बरेच पेशंट निघायचे, आणि समोरचा माणूस गाल धरून उभा.

“नाव तर मला इथेच दिसतंय. इथूनच आत नाही का जाता येणार?” अपॉइंटमेंटच्या यादीवर बोट ठेवून त्यांनी एकदा विचारलं.

“येईल की,” मी म्हटलं.

यादीतल्या प्रत्येक नावाशेजारी मी ‘बदला’ अशी लिंक दिली. ती दाबली की अ‍ॅडमिनमधलं त्याच पेशंटचं पान उघडायचं. माझ्यासोबत काम करणारा मित्र म्हणाला, “पानाचा वेब-पत्ता सरळ टाइप करून टाक ना, दोन मिनिटांचं काम.” मी ऐकलं नाही. पानाचं नाव सांगून त्याचा पत्ता, वेबसाइट ज्यावर उभी आहे त्या फ्रेमवर्कलाच विचारायचा, असं मी लिहिलं. म्हणजे उद्या पत्ता बदलला तरी लिंक चालू राहते.

पुढे अ‍ॅडमिनच्या लॉगिनच्या पानावर कोणीतरी अंदाजाने पासवर्ड मारून बघायला लागलं. डॉक्टरबाईंनी अ‍ॅडमिनचा पत्ताच बदलायला सांगितला.

“पण मावशींचं काम अडेल,” त्या काळजीने म्हणाल्या.

“नाही अडणार,” मी म्हटलं आणि कल्याणला घरी बसून एक ओळ बदलली. सकाळी मावशींना फोन केला, तर काही बदललंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी जरा ताठ मानेनेच वावरलो.