वीस लिटर काकवी

त्या पावसाळ्यात मी खडकीला लष्करात हवालदार होतो, स्टोअर क्लार्क. घराण्यातला पहिला बी.कॉम. आकडेमोड माझ्याकडे असायची आणि त्याचा मला माजही होता.

सकाळी सहाला हुकूम आला. धरणाचा विसर्ग वाढला होता आणि सिंहगड रस्त्याकडची नदीकाठची वस्ती पाण्याने वेढली होती. तिथे चूल पेटणार नव्हती आणि भाजी आंबली असती. म्हणून चपात्या आणि काकवी पाठवायची ठरली.

बोटीची मर्यादा पाचशे किलो. सुभेदारसाहेब आणि तीन जवान, लाइफ जॅकेटसह तीनशे चाळीस किलो, चपात्या पंचेचाळीस किलो. काकवीचे वीस लिटरचे पाच कॅन मी शंभर किलो धरले. एकूण चारशे पंच्याऐंशी. लोड चिटवर, म्हणजे बोटीतल्या वजनाच्या कागदावर, सही केली.

लंगरचा, म्हणजे लष्करी भटारखान्याचा, कुक रशीद शेख, हुद्द्याने नाईक, बिबवेवाडीचा. त्याने कॅन उचलून पाहिला.

"हवालदारसाहेब, हे पाणी नव्हे. जड लागतंय."

"लिटर म्हणजे किलो, शेख. तू चपात्या मोज."

त्या तीन जवानांत वाटपासाठी तोच जाणार होता. तो गेला.

१४:१० ला उरलेल्या काकवीची नोंद करायला मी लिटरचं माप तराजूवर ठेवलं. मापाचं वजन वजा केलं. एक किलो चारशे ग्रॅम. पुन्हा ठेवलं. तेवढंच. म्हणजे बोटीत चाळीस किलो जास्त. मर्यादेच्या पंचवीस वर, आणि तेही त्या धारेत.

रेडिओ घेतला. "बोट, मी खडकी. लोड चिट चुकीची आहे. दोन कॅन उतरवा. ओव्हर."

नुसती खरखर.

"बोट, मी खडकी. कुठे आहात? ओव्हर."

चार मिनिटं काही नाही. मी घड्याळाकडे बघत उभा होतो. मग सुभेदारसाहेबांचा आवाज आला.

"खडकी, मी बोट. मधल्या धारेत होतो. आता पोचलो. पाणी बोटीच्या काठाच्या चार बोटं खाली होतं. दोन कॅन शेखने निघतानाच नदीकाठावर उतरवून ठेवले. म्हणाला, क्लार्कसाहेबांचं गणित जरा हलकं आहे. आउट."

संध्याकाळी शेख आला. मी "शाबास" म्हणालो. चूक माझी होती, हे म्हणालो नाही.

पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका पोस्टवर हिमकडा कोसळून तो गेला.

आता मी धायरीत राहतो. निवृत्तीनंतर बिबवेवाडीला त्याच्या वडिलांकडे गेलो आणि ती चिट कशी चुकली ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा पुढे केला.

"रशीदने सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, अब्बा, साहेब शिकलेले आहेत. परत चुकणार नाहीत."