भट्टीवरचा पाव तास

"मॅडम, रिपोर्ट काढा आणि खाली सही करा, एवढंच काम आहे," देशमुख साहेब म्हणाले. ते प्लान्ट हेड. चाकणच्या त्या कंपनीत गिअर भट्टीत तापवून कडक करतात. मी बाहेरची, कंट्रोल सिस्टीमवाली. एका सहीसाठी मला पिंपळे सौदागरहून ट्रॅफिक तुडवत बोलावलं, म्हणून माझं डोकं आधीच तापलेलं.

प्रकरण असं. भट्टीचं तापमान वाढलं, अलार्म वाजला, कुणी बघितलं नाही, अख्खा लॉट भंगारात गेला. भट्टीवर जे जे घडतं ते एक कॉम्प्युटर वेळेसकट डेटाबेसमध्ये नोंदवत असतो. त्यात अलार्म तीननंतरचा, म्हणजे सेकंड शिफ्टमधला. सेकंड शिफ्टला ऑपरेटर इरफान. गेटवरच्या पंचिंगप्रमाणे तो तीनच्या आधीच आत आला होता, आणि भट्टीच्या स्क्रीनला हात लावला सव्वातीनला. साहेबांनी विचारलं, मधे कुठं होतास? चहा ढोसत असणार. तो म्हणाला, सरळ भट्टीवर आलो. साहेबांनी शिफ्टच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. त्याची पर्मनंटची ऑर्डर निघायची होती, ती अडकली. नोटीस तयार होती, माझी सही झाली की गडी घरी.

इरफान कुरुळीला राहतो. बायको, लहान मुलगी. मला भट्टीपर्यंत सोडायला तोच आला. "लॉट गेला त्याचं मलाही वाईट वाटतं, मॅडम," तो म्हणाला. "पण मी खोटं नाही बोललो."

मला गलबलून आलं. पण नोंदी तर समोर होत्या.

तेवढ्यात घरून फोन आला. कामगारांचे मोबाईल गेटवर जमा करून घेतात. मी व्हिजिटर म्हणून माझा जवळ होता. फोन कट करताना वेळ दिसली आणि मी चमकले. भट्टीच्या स्क्रीनवरची वेळ माझ्या मोबाईलपेक्षा पाव तास पुढे होती. वर भिंतीवरचं घड्याळही पाव तास पुढे. दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

सुपरवायझर पठारे भाऊ, तिथल्याच गावचे. त्यांना विचारलं. "घड्याळ आमी पुढंच ठेवतो. न्हाईतर पोरं येळंवर येत न्हाईत," ते अभिमानाने म्हणाले. आणि कॉम्प्युटर? तर खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून, पुसून, हार घालून पूजा झाली. कॉम्प्युटरही बंद केला. त्याच्या आतल्या घड्याळाचा सेल कधीच मेलेला. चालू केल्यावर भलतीच तारीख दिसायला लागली, मग कुणीतरी भिंतीकडे बघून वेळ लावून टाकली. मी कपाळावर हात मारला. हळदकुंकू वाहिलं, पण सेल बदलायचं कुणाला सुचलं नाही!

खरी गंमत पुढेच. फर्स्ट शिफ्टची माणसं भिंतीवर तीन वाजले की भट्टी सोडून, हात धुऊन गेटच्या रांगेत उभी राहायची. गेटचं मशीन मात्र खऱ्या वेळेवर चालायचं. सेकंड शिफ्टचा माणूस भट्टीवर पोचायचा खऱ्या तीनला. म्हणजे रोज पाव तास भट्टीला कुणी वालीच नव्हता. भट्टी आपोआप चालते, म्हणून खपून जायचं. त्या दिवशी अलार्म नेमका त्या पाव तासात वाजला.

साहेब म्हणाले, मग सगळ्या नोंदींतून पाव तास वजा करून टाका. तसं करून चालत नाही. पूजेच्या आधीच्या नोंदी बरोबर होत्या, त्या बिघडल्या असत्या. मी आधी सगळ्याचा बॅकअप घेतला. फक्त पूजेनंतरच्या नोंदी धरल्या. जुनी वेळ पुसली नाही. शेजारी खरी वेळ लिहिली, कुणी बदलली आणि का बदलली तेही लिहिलं. घड्याळ मागे घेताना आणखी एक गोची असते. तेवढी मिनिटं डेटाबेसमध्ये दोनदा येतात. म्हणून भट्टी रिकामी करून, रेकॉर्डिंग थांबवून आम्ही पाव तास हातावर हात ठेवून बसलो.

नव्या रिपोर्टमध्ये अलार्म तीनच्या आधीचा निघाला, आणि इरफानने स्क्रीनला हात लावला होता तो बरोबर तीनला. साहेबांनी लगेच एचआरला फोन लावला. इरफानची नोटीस रद्द करा, फर्स्ट शिफ्टच्या गायकवाडला द्या. इरफान तिथंच उभा होता. बिचारा सुटला होता. गप्प राहिला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती.

"साहेब, गायकवाड घड्याळ बघूनच गेले," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि घड्याळ कंपनीचं आहे."

साहेबांनी फोन खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, म्हणून मी उगाच लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

नोटीस कुणालाच गेली नाही. निघताना मी साहेबांना म्हटलं, डेटाबेस मी दुरुस्त केला, पण तुम्ही त्याला चारचौघांत खोटारडा म्हणालात, ते दुरुस्त करायला माझ्याकडे सॉफ्टवेअर नाही. साहेबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी पठारे भाऊंचा फोन आला. साहेबांनी सकाळची नव्हे, मुद्दाम सेकंड शिफ्टची मीटिंग धरली आणि सगळ्यांसमोर इरफानची माफी मागितली. पर्मनंटची ऑर्डरही त्याच वेळी हातात दिली.

आता मी कुठल्याही कंपनीत गेले की रिपोर्ट नंतर उघडते. आधी विचारते, इथली वेळ कुणी लावली?